एका रात्रीपुरते संयुक्त

बिद्री म्हटले की कोल्हापूर जिल्ह्यात आधी कारखाना आठवतो आणि मग गाव. कागल तालुक्यातल्या या गावाच्या नावाने सगळे ज्याला ओळखतात, त्या साखर कारखान्याचे कागदावरचे नाव मात्र जोडनाव आहे: दूधगंगा-वेदगंगा. काळम्मावाडीचे धरण आहे ती दूधगंगा आणि पाटगावचे धरण आहे ती वेदगंगा. राधानगरी, भुदरगड, कागल आणि करवीर या चार तालुक्यांत सभासद विखुरलेले असल्यामुळे कारखान्याची निवडणूक लागली की कालचे कट्टर विरोधक एका पॅनेलमध्ये बसतात आणि कालचे जिवाभावाचे दोन पॅनेलमधून एकमेकांसमोर उभे राहतात. या भागातल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. ‘जमलंय तेवढ्यापुरतं,’ एवढे म्हणून तो पुढच्या विषयाकडे वळतो. पण हाच माणूस गावातली भजनी मंडळी किंवा बँजो पार्टी फुटली की हळहळतो. ‘भांडण मिटवून परत एक व्हायला पाहिजेत,’ असे म्हणतो आणि झाले नाहीत तर त्यांच्यावर चिडतो. पॅनेलमधल्या माणसांची मने जुळावीत अशी त्याची अपेक्षा नसते, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून मात्र असते. या अपेक्षेची तपासणी हाच या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: फुटलेल्या कलावंतांबद्दल आपण चुकीचा प्रश्न विचारतो. पॅनेलकडे पाहण्याची जी समजूत आपल्याजवळ आधीपासून आहे, तीच इथे लावली तर उत्तर सापडते, आणि ते फारसे निराशाजनकही नाही.

आधी ‘फुटणे’ म्हणजे काय ते जवळून पाहू. भजनी मंडळ म्हणजे एक पेटी, एक पखवाज, दहा-पंधरा टाळ आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने एकमेकांचा श्वास ओळखणारे गळे. बँजो पार्टी म्हणजे बँजो, कॅसिओ, ढोल-ताशे, भोंगे, जनरेटर आणि हे सगळे वाहणारा टेंपो. त्यातले निम्मे सामान बहुधा कर्जाने किंवा वर्गणीने घेतलेले असते. मंडळ फुटते तेव्हा सूर-तालावरून क्वचितच फुटते. फुटते ते सुपारीच्या पैशांवरून, फलकावर कुणाचे नाव आधी यावरून, नाहीतर एकट्यालाच वेगळे बोलावणे आले यावरून. मग पेटी एका घरात राहते आणि पखवाज दुसऱ्या घरात जातो. दोघांकडे वाद्य असते, पण भजन कुणाकडेच नसते. कोल्हापूरच्या ईर्षेचे आपण कौतुक करतो. तालमीत, फुटबॉलच्या मैदानात, गणपतीच्या मिरवणुकीत ती ईर्षा माणसाला पुढे रेटते. गाण्याच्या मंडळीत तीच ईर्षा आत वळली की मंडळीच पोखरते. हे आजचेच आहे असे नाही, आणि फक्त खेड्यातले आहे असेही नाही. मराठी माणसाला ज्या संगीतमंडळींचा सर्वाधिक अभिमान वाटतो, त्या संगीत नाटक कंपन्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी फुटण्याचाच इतिहास आहे. आपल्याकडचे खरे ‘बँड’ त्याच होत्या: एकत्र प्रवास, एका पंगतीत जेवण, रात्ररात्र तालीम आणि मिळकतीचा एकच गल्ला.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीने मराठी मुलखाला गाण्याचे वेड लावले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, या मंडळीत आले. त्यांच्या कानाच्या उपचारासाठी मिरजेची व्यवस्था करणारे आणि त्यांना किर्लोस्कर मंडळीची वाट दाखवणारे शाहू महाराज कोल्हापूरचेच. मार्च १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. बालगंधर्व भामिनी झाले, गणपतराव बोडस लक्ष्मीधर झाले आणि चाली दिल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. उत्तरेकडच्या ठुमरी-गझलेचा ढंग मराठी पदात मुरवून टेंब्यांनी नाट्यसंगीताचे वळणच बदलले. या यशानंतर मंडळी घट्ट व्हायला हवी होती. ती दोनच वर्षांत फुटली. १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांच्या मालकीची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. एकाजवळ गळा, एकाजवळ अभिनय, एकाजवळ चाल. यापेक्षा चांगली भागीदारी कागदावर तरी मांडता आली नसती.

तीही टिकली नाही. १९१५ मध्ये टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. बोडस राहिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला ‘एकच प्याला’ झाले तेव्हा बालगंधर्वांच्या सिंधूसमोर सुधाकर म्हणून तेच उभे होते. पण पुढे तेही मंडळीतून बाहेर पडले आणि मालक म्हणून एकटे बालगंधर्व उरले. या फुटण्याची कारणे शोधताना आपण लगेच स्वभावांकडे वळतो: एक भोळा, एक हिशेबी, एक मानी. मला कारण त्याहून साधे वाटते. तिकीट विकले जात होते एका नावावर आणि मालकी होती तिघांची. प्रेक्षक ज्याच्यासाठी येतो त्याला आपला वाटा लहान वाटू लागतो आणि ज्यांच्यामुळे नाटक उभे राहते त्यांना आपले नाव लहान वाटू लागते. हे दुखणे मनाचे नसून रचनेचे आहे. म्हणूनच माणसे कितीही समजूतदार असली तरी ते पुन्हापुन्हा उद्भवते. बोडसांनी पुढे ‘माझी भूमिका’ लिहिले, टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहिले. बाहेर पडलेल्या भागीदारांनी आपापली बाजू पुस्तकांत नोंदवली, पण मालक म्हणून हे त्रिकूट पुन्हा एका पाटीखाली कधीच आले नाही.

गंधर्व मंडळीलाच हा शाप होता असे समजू नये. बालगंधर्व बाहेर पडल्यावर किर्लोस्कर मंडळीला एक कोवळा, धारदार गळा सापडला, तो दीनानाथ मंगेशकरांचा. १९१८ मध्ये तेही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. कोल्हटकरांनी ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रात तो काळ मांडला आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाटकाबाहेर पाहिले तरी चित्र वेगळे नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी. कंपनी पुण्याला गेली, तिने ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट दिले, आणि तरीही आधी धायबर व मग १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. शांतारामबापूंनी राजकमल उभे केले, प्रभात काही वर्षांत थांबली. किर्लोस्कर, गंधर्व, प्रभात या तीन नामवंत मंडळींत बाहेर पडलेला मोठा भागीदार पुन्हा त्याच गल्ल्यावर भागीदार म्हणून येऊन बसला असे घडले नाही. ‘परत एक होतील का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘पुन्हा भागीदार होतील का?’ असा असेल, तर इतिहासाचे उत्तर जवळजवळ ठाम नकाराचे आहे.

पण प्रश्नाचा तेवढाच एक अर्थ नाही, हे त्याच इतिहासातली एक रात्र सांगते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्वांची होती आणि धैर्यधर होते ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. मिळकत टिळक स्वराज्य फंडासाठी होती. या दोघांतली चुरस आज समजावून सांगणे कठीण आहे. केशवराव कोल्हापूरचे, १८९० चा जन्म. जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत लहानपणीच ‘शारदा’ची भूमिका करून त्यांनी नाव मिळवले. पुढे त्या मंडळीतून तेही फुटून निघाले आणि १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श काढले. म्हणजे त्या रात्री रंगमंचावर उभी असलेली दोन्ही माणसे स्वतः फुटून निघालेली होती. दोघांच्या मागे स्वतंत्र कंपन्या होत्या, स्वतंत्र कर्जे होती, आणि आपल्या नटाची बाजू घेऊन हमरीतुमरीवर येणारे प्रेक्षक होते. तरीही नाटक झाले, आणि असे झाले की शंभर वर्षांनंतरही मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या प्रयोगाला स्वतःचे नाव आहे.

त्या रात्रीची एक बाजू फारशी बोलली जात नाही. बालगंधर्व आणि केशवराव जी पदे म्हणत होते, त्यांच्या चाली टेंब्यांच्या होत्या. टेंबे गंधर्व मंडळीतून बाहेर पडून तोवर सहा वर्षे झाली होती. मालकीहक्कातून त्यांचे नाव गेले होते, पण भामिनीच्या तोंडून त्यांची चाल गेली नव्हती. भागीदार निघून जातो तेव्हा पेटी घेऊन जातो, हिशेबाची वही घेऊन जातो, कधी दोन-चार साथीदारही घेऊन जातो. चाल मात्र त्याला घेऊन जाता येत नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यात बसलेली असते. म्हणूनच फुटलेले कलावंत एकमेकांपासून पूर्ण सुटे कधीच होत नाहीत. दोन शेतकरी वाटणी करतात तेव्हा बांध घालता येतो. गाण्यात बांध घालता येत नाही. पुन्हा एकत्र येण्याची शक्यता माणसांच्या प्रेमात नसते, या न वाटल्या गेलेल्या चालीत असते. तिला फक्त एक मोकळी रात्र लागते.

ती रात्र १९२१ मध्ये कशामुळे शक्य झाली? मला चार गोष्टी दिसतात. पहिली, कारण दोघांहून मोठे होते. टिळक जाऊन वर्षही झाले नव्हते आणि त्यांच्या नावाच्या फंडाला नाही म्हणणे कुणालाच शोभले नसते. ‘मी नमलो’ असे न म्हणता होकार देता येईल अशी जागा त्या फंडाने दोघांना दिली. दुसरी, कुणी कुणाची जागा घेत नव्हते. नाटकात एक नायिका आणि एक नायक. केशवरावांचे बालपणीचे नाव स्त्रीभूमिकेवर उभे राहिले होते, तरी त्यांनी धैर्यधर घेतला आणि भामिनी बालगंधर्वांची राहिली. तिसरी, संहिता आणि चाली ठरलेल्या होत्या. नवे काही रचायचे नव्हते, म्हणून कुणाचे ऐकायचे हा वादच नव्हता. चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती: शेवट ठरलेला होता. पडदा पडला की दोघे आपापल्या कंपनीत परत जाणार होते. पुढच्या मुक्कामाची, पुढच्या हिशेबाची, पुढच्या पन्नास वर्षांची बोलणी त्या होकारात नव्हती. ‘संयुक्त’ या शब्दात हे सगळे आहे. तो शब्द ‘एकरूप’ असे म्हणत नाही. दोन वेगळी माणसे एका कामापुरती जोडली गेली, एवढेच म्हणतो. पुढे संयुक्त प्रयोग ही मराठी रंगभूमीवरची रूढ गोष्ट झाली. फुटलेल्यांच्या पुन्हा एकत्र येण्याचे जगाला आज अप्रूप वाटते, त्यासाठी आपल्याकडे शतकापूर्वीच शब्द आणि रीत दोन्ही तयार होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बालगंधर्व आणि केशवराव प्रतिस्पर्धी होते, जुने भागीदार नव्हते. प्रतिस्पर्ध्यांना एकत्र येणे सोपे, कारण त्यांच्यात जुना हिशेब नसतो. एका ताटात जेवून वेगळे झालेल्यांचे काय? म्हणून बाहेरच्या जगातली, भागीदारांची उदाहरणे घेऊ. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडमधून रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडले आणि बँडच्या नावावरून दोन बाजूंत कायदेशीर भांडण झाले. वीस वर्षांनी, २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्ससह बँडमधले चौघे पुन्हा एकत्र वाजले. निमित्त होते आफ्रिकेतल्या गरिबीकडे लक्ष वेधणाऱ्या ‘लाइव्ह एट’ या कार्यक्रमाचे, आणि गळ घालणारा तिसरा माणूस होता बॉब गेल्डॉफ. मोठे कारण, जुनी गाणी, ठरलेला शेवट: १९२१ च्या मुंबईतल्या बहुतेक खुणा इथे आहेत, शिवाय एक तिसरा माणूस. त्या कार्यक्रमामुळे अल्बमचा खप वाढला तेव्हा चौघांपैकी डेव्हिड गिल्मोर यांनी त्यातली आपली वाढीव मिळकत दानाला दिली. दौऱ्यावर जाण्याची गळ घातली गेली, पण त्यांनी ती मानली नाही. अनेकांना हा हट्टीपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. जे एका रात्री शक्य झाले ते शंभर रात्रींत टिकणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

टिकत नाही याचा दाखलाही आहे. सायमन आणि गारफंकल ही अमेरिकन जोडी १९७० मध्ये वेगळी झाली. १९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ते एकत्र गायले तेव्हा सुमारे पाच लाख लोक जमल्याचा अंदाज सांगितला जातो. ती रात्र इतकी रंगली की दोघांनी एकत्र नवा अल्बम करायचे ठरवले. तिथे मोडले. गारफंकल यांचा आवाज काढून टाकला गेला आणि १९८३ मध्ये तो अल्बम एकट्या सायमन यांच्या नावाने आला. माणसे तीच, गळे तेच, दोन वर्षांचे अंतर. फरक एवढाच होता की पहिल्या वेळी जुनी गाणी म्हणायची होती आणि दुसऱ्या वेळी नवी रचायची होती. नवे रचायचे म्हटले की कोण ठरवणार हा प्रश्न आलाच, आणि तोच तर मूळ भांडणाचा प्रश्न होता. ओएसिस या बँडचे गॅलघर बंधू २००९ मध्ये पॅरिसला भांडून वेगळे झाले आणि २०२५ च्या जुलैत कार्डिफला पुन्हा एकत्र उभे राहिले. तेही ठरावीक तारखांचा दौरा आखून, जुन्याच गाण्यांसह. सख्खे भाऊ असूनही त्यांना तारखांची चौकट लागली. तेव्हा भागीदारांबाबतही नियम तोच राहतो. फक्त त्यांच्या वाटेत हिशेबाची एक पायरी जास्त असते.

याला उलट जाणारे एक उदाहरण आपल्याच घरचे आहे, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बळवंत मंडळीच्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात साठच्या दशकाच्या पूर्वार्धात गाण्याच्या रॉयल्टीवरून बिनसले. काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडले. मग त्या दशकाच्या उत्तरार्धात समेट झाला आणि रफी १९८० मध्ये जाईपर्यंत त्यांची द्वंद्वगीते होत राहिली. हा एका रात्रीचा प्रयोग नव्हता, कायमचा समेट होता, असे कुणी म्हणेल. पण ते दोघे कधी भागीदार नव्हते. स्टुडिओतले प्रत्येक गाणे हे वेगळे काम असते: त्याचा संगीतकार वेगळा, निर्माता वेगळा, मानधन वेगळे, आणि संध्याकाळपर्यंत ते संपते. म्हणजे त्यांनी एक मोठा समेट केला असे म्हणण्यापेक्षा शेकडो छोटे संयुक्त प्रयोग केले असे म्हणणे अधिक खरे होईल. रॉयल्टीबद्दलची दोघांची मते समेटाने बदलली असेही दिसत नाही. समेट कसा झाला, रफींनी पत्र लिहिले की नाही, यावरून तर कित्येक दशकांनंतर, २०१२ मध्ये, लताबाईंच्या सांगण्याला रफींच्या मुलाने आक्षेप घेतला. भांडणाची गोष्ट मिटली नव्हती, पण मधल्या काळात गाणी झाली. ऐकणाऱ्याच्या वाट्याला दोन्हींपैकी काय आले, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘ही सगळी पैशासाठी केलेली नाटके आहेत,’ असे ओएसिसबद्दल लंडनमध्ये म्हटले गेले आणि जुनी बँजो पार्टी यात्रेपुरती एकत्र आली की आपल्या गावातही म्हटले जाते. यात गृहीत असे धरलेले असते की पैसा आला की कला विटाळते. पण संगीत नाटक कंपन्या रोजच्या गल्ल्यावरच जगल्या. रात्रीच्या तिकिटांतून सकाळचा शिधा आला. भांडण पैशाने लावले असेल, तर ते निवळायलाही पैशाचा स्पष्ट हिशेब हाच उपाय आहे, त्यात लाजण्यासारखे काय? उलट ज्या एकत्र येण्यात पैशाचे कुणी बोलतच नाही, ते जास्त धोक्याचे असते. ‘आपल्यात काय हिशेब’ म्हणून सुरू झालेल्या मंडळींचा हिशेबच शेवटी पंचांपुढे जातो. टिळक फंडाच्या प्रयोगात हा पेच आपोआप सुटला होता, कारण रक्कम कुणाची हे आधीच ठरले होते. दानासाठी असो वा पोटासाठी, वाटणी आधी ठरली की गाताना मन मोकळे राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. मने जुळलेली नसताना जुळलेले सूर हे ढोंग नव्हे का? भजनाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोचतो. माझे उत्तर असे की सूर जुळवायला मन लागते, पण ते एकमेकांविषयीच्या मायेचे मन असावे लागत नाही, कामाविषयीच्या आदराचे असावे लागते. गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, आणि सुधीर फडके यांच्यातले खटके सर्वश्रुत आहेत. फडके जन्माने कोल्हापूरचे, माडगूळकरांची चित्रपटातली उमेदवारीही कोल्हापुरातच झाली. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि दर आठवड्याला एक या गतीने ५६ गीते झाली. रुसायला आठवडाभराची मुभा होती, त्यापुढे नाही. मागे आकाशवाणीचे सीताकांत लाड उभे होते आणि पुढे प्रक्षेपणाची वेळ. त्या ५६ गीतांत कुणाला कधी रुसवा ऐकू आलेला नाही. ‘मानापमान’ नाटकाची गंमतही हीच आहे. भामिनी आणि धैर्यधर यांच्यात जो अपमान आणि जी ओढ दिसते ती नटांची नसते, ती भूमिकेची असते. विंगेत दोघे बोलत नसले तरी रंगमंचावरचा धैर्यधर खोटा होत नाही. आपण कलावंतांकडे गाणे मागावे, गळाभेट मागू नये. गळाभेटीचा आग्रह धरला की ते गाणेही देत नाहीत.

उरतो तो काळाचा भरवसा. ‘वेळ जाऊ द्या, आपोआप निवळेल,’ हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला आहे आणि या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. बीटल्स १९७० मध्ये फुटले. दहा वर्षे लोक वाट पाहत राहिले आणि डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेनन यांचा खून झाला. २०२३ मध्ये त्यांच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज घेऊन एक गाणे पुरे करण्यात आले, तोवर जॉर्ज हॅरिसनही गेले होते. पिंक फ्लॉइडचे रिचर्ड राइट हाइड पार्कनंतर तीनच वर्षांनी गेले. आपल्याकडे नदीम-श्रवण ही संगीतकार जोडी फुटली, मध्ये एका चित्रपटापुरती एकत्र आली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने श्रवण यांना नेले. आणि केशवराव? ८ जुलैच्या त्या प्रयोगानंतर, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, ते गेले. वय ३१. मधले दिवस मोजले तर ८८ भरतात. ‘पुढच्या हंगामात पाहू’ असे दोघांपैकी एकाने जरी म्हटले असते, तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात ती रात्र नसती. त्यांच्या नावाचे कोल्हापुरातले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले मूळचे पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. वास्तू पुन्हा बांधता येते. गेलेला गळा परत आणता येत नाही, आणि भांडण मात्र त्या गळ्यामागे उरते.

म्हणून बिद्रीच्या पंचक्रोशीत, आणि जिथे जिथे पेटी एका घरात आणि पखवाज दुसऱ्या घरात पडून आहे तिथे, एक साधी विनंती. या मंडळींना ‘भांडण मिटवा’ असे सांगायला जाऊ नका. ते भांडण त्यांचे आहे, त्यात कुणाचे तरी खरे असेल आणि ते सोडायला त्यांना सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याऐवजी तारीख सांगा. गावची यात्रा, हरिनाम सप्ताहाची शेवटची रात्र, आदमापूरची वारी, शाळेच्या छतासाठीची वर्गणी, कारण कोणतेही चालेल, फक्त दोघांहून मोठे असावे. दोन्ही बाजूंना चालेल असा तिसरा माणूस मध्ये घ्या. कुणी काय म्हणायचे, कोण कुठे बसायचे, फलकावर नावे कोणत्या क्रमाने आणि बिदागी कुणाकडे जायची, हे एका कागदावर आधी लिहून घ्या. त्यांनी पूर्वी म्हटलेलीच भजने म्हणू द्या. आणि कार्यक्रम संपला की पेटी आणि पखवाज आपापल्या घरी परत जाऊ द्या, कुणालाही थांबवू नका. पॅनेल करताना आपण हे सगळे करतोच, तेही पाच वर्षांसाठी. इथे प्रश्न एका रात्रीचा आहे. तारीख आधी ठरवा आणि जवळची ठरवा.